शांतीची खूण आणि हक्कसोडपत्र

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेत, प्रभूची प्रार्थना म्हणून झाली की, भाकर मोडण्याच्या आधी, धर्मगुरू उपासकांना एकमेकांना शांती द्यायला सांगतात. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये लोक शेजारच्यांकडे वळून हात जोडतात, लहान मुले पुढच्या बाकावरच्या आजीचा हात धरून येतात आणि अर्ध्या मिनिटात सगळे पुन्हा वेदीकडे तोंड करून उभे राहतात. या अर्ध्या मिनिटात काही माणसांची मान एका ठरावीक दिशेला कधीच वळत नाही, हे गाव ठाऊक असलेल्याच्या लगेच लक्षात येते. डाव्या रांगेत थोरला भाऊ असतो, उजव्या रांगेत धाकटा, आणि दोघांच्या मध्ये वाडीच्या बांधाचा दहा-बारा वर्षांचा दावा असतो. बरीच मागे त्यांची बहीण असते. तिचा कोणताही दावा नाही, कारण लग्नानंतर केव्हातरी तिने निबंधकाच्या कचेरीत जाऊन नाममात्र मुद्रांकाच्या हक्कसोडपत्रावर सही केलेली आहे. ती मात्र दोन्ही भावांच्या दिशेने हात जोडते.

ख्रिस्ती श्रद्धेने आपल्याला मुक्त केले, मनाला शांती दिली, अशी साक्ष धर्मग्रामांतून (एकेका चर्चच्या स्थानिक समुदायांतून) आणि रिट्रीटमधून (प्रार्थना-शिबिरांतून) पुष्कळदा ऐकू येते. मीही ती साक्ष देणाऱ्यांपैकी आहे. परंतु ती देताना आपण एक प्रश्न टाळतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे: ही शांती कोणाच्या खर्चाने मिळाली? वरच्या तिघांपैकी सर्वांत शांत दिसते ती बहीण, आणि धर्मग्रामात तिचेच उदाहरण दिले जाते. ‘तिने किती मोठ्या मनाने सोडून दिले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिने जे सोडले ते भावांनी का घेतले, असे विचारणारे भेटत नाहीत. मराठीत शांतता आणि शांती असे दोन शब्द आहेत, ते या ठिकाणी वेगळे ठेवले पाहिजेत. बोलणे थांबले की शांतता होते. ज्याच्याकडून घेतले गेले त्याला मागता येते आणि ज्याने घेतले त्याला परत देता येते, अशा जागी जे उतरते ती शांती. धर्मग्रामाचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि बहुतेक वेळा आपण पहिल्यावर समाधान मानतो.

वसईत हा प्रश्न इतका टोकदार का झाला, हे सांगायला फार मागे जावे लागत नाही. केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलीच्या वाड्या, त्यांना पाणी पुरवणारी बावखले, आणि त्यावर जगणारी सामवेदी व वाडवळ कुटुंबे, हे या पट्ट्याचे जुने रूप. वाडी म्हणजे कष्ट होते. तिचा तुकडा बहिणीला मिळाला नाही तर वाईट वाटे, पण त्या तुकड्यावर राबायलाही कोणीतरी लागे. मुंबईची वाढ विरारपर्यंत पोहोचली तेव्हा जमिनीचा हिशेब गुंठ्याच्या भावात होऊ लागला आणि कष्टाची वाडी एकाएकी पैशाची झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात पुढे होते, आणि धर्मगुरूने बिल्डर, टँकर व दहशत यांविरुद्ध रस्त्यावर यावे की नाही यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही त्यांच्या निवडीवरून वाद झालाच. चर्चची शांती आणि गावाचे प्रश्न यांच्यात भिंत नाही, हे त्या पिढीने वसईला दाखवून दिले. पण त्या लढ्यात शत्रू बाहेरचा होता. बिल्डरविरुद्ध एकत्र चालणारे दोन भाऊ घरी येऊन बहिणीच्या सहीचा कागद कपाटात ठेवत होते, आणि त्याविषयी मोर्चा निघणे शक्य नव्हते.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचे स्थान महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाले. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने मात्र मुलगा आणि मुलगी असा भेद मुळातच ठेवलेला नव्हता: मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेचा, उरलेला दोन तृतीयांश मुलामुलींना समसमान. केरळच्या जुन्या त्रावणकोर भागात यापेक्षा वेगळा नियम चालत असे. तिथल्या १९१६च्या कायद्यानुसार मुलीला मुलाच्या हिश्शाचा चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. तिथल्याच ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ मेरी रॉय यांनी तो कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. तिथल्या ख्रिस्ती समाजात त्या निकालाचे स्वागत सर्वांनी केले नाही, हेही सर्वज्ञात आहे. वसईच्या बहिणींना असा खटला लढावा लागला नाही, कारण कायदा पहिल्यापासून त्यांच्या बाजूने होता. तो कपाटातल्या एका कागदाने निकामी केला, आणि त्या कागदावर सही त्यांचीच आहे.

सही का करतात, याचे उत्तर कोणत्याही धर्माच्या मराठी स्त्रीला विचारले तरी एकच मिळेल: माहेर तुटू नये म्हणून. त्यात धर्मग्रामाने आपली भर घातली आहे. क्षमेविषयीची प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांतली बहुतेक, जिचे गेले तिला उद्देशून असतात. सोड, विसर, देवावर सोपव. ज्याच्याकडे आले त्याला उद्देशून एखादे प्रवचन मी ऐकले असेन, तर मला ते आठवत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचव्या अध्यायातला जो उतारा या संदर्भात नेहमी वाचला जातो, तो नीट वाचला तर उलटे सांगतो. तू आपले दान वेदीजवळ आणले असताना, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे’ असे ते वाक्य नाही. उठून जायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. दुखावलेल्या माणसाने दुखावणाऱ्याच्या दारात जावे, अशी अपेक्षा येथे नाही. येशूने ओझे ऋणकोच्या खांद्यावर ठेवले आणि आपण ते सोयीने धनकोच्या खांद्यावर सरकवले.

शांतीची खूण मिस्सामध्ये कोठे असावी, यावर चर्चमध्ये खरोखरच विचार झाला आहे. मिलानच्या आंब्रोसीय विधीत आणि पूर्वेकडच्या विधींत ती दानार्पणाच्या सुमारास, म्हणजे मत्तयच्या उताऱ्याशी जुळेल अशा जागी येते. रोमी विधीत, म्हणजे आमच्याकडे, ती ख्रिस्तप्रसादाच्या आधी येते. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ती अलीकडे आणता येईल का हे तपासायला सांगितले होते, आणि २०१४ साली रोमहून उत्तर आले की जागा बदलणार नाही, मात्र गलबला टाळावा. हा निर्णय मला पटतो, पण कारण विधिशास्त्राचे नाही. जागा कोणतीही असली तरी त्या अर्ध्या मिनिटात समेट होत नाही. समेट झालेला असेल तर तो दिसतो, इतकेच. तो व्हायचा असतो आठवड्यातल्या उरलेल्या दिवसांत, बांधावर, ओटीवर आणि तलाठ्याच्या कार्यालयात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की श्रद्धा ही अंतःकरणाची गोष्ट आहे आणि मी तिला सातबाऱ्याच्या उताऱ्यात कोंबतो आहे. शांती हवी असलेला माणूस आता धर्मग्रामावर अवलंबून नाही, हेही खरे. चार दिवसांचे निवासी रिट्रीट असते, मोबाईलवर हव्या त्या भाषेतली आणि हव्या त्या प्रवचनकाराची मिस्सा असते. मार्च २०२० मध्ये चर्चचे दरवाजे बंद झाले तेव्हा या मिस्सांनी आम्हा सर्वांना सावरले, ते उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याच एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या सांता मार्ताच्या प्रार्थनालयातून, स्वतः पडद्यावरूनच बोलत असताना, बजावले की समुदायाशिवाय आणि संस्कारांशिवाय देवाशी जुळवलेली जवळीक धोक्याची आहे. ही वेळ बोगद्यातून जाण्याची आहे, तेथे राहण्याची नाही. रिट्रीटमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस मला ठाऊक नसतो. त्याला शांती देताना माझे काही खर्च होत नाही. धर्मग्रामात शेजारी बसणारा मी निवडलेला नसतो; चर्चच्या विधिसंहितेनुसार धर्मग्राम सामान्यतः प्रदेशावर ठरतो, म्हणजे त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्याचा घटक, मला आवडो वा न आवडो. ही सक्ती अनेकांना जाच वाटते. माझ्या मते धर्मग्रामाचे सगळे सामर्थ्य या न निवडलेल्या शेजारात आहे, कारण ज्यांचे मी काही देणे लागतो ती माणसे नेमकी तेथेच बसलेली असतात.

माझ्या वडिलांचे उदाहरण मी देतो, कारण दुसऱ्याच्या वडिलांचे देणे उचित नाही. आमच्या वाडीचा एक तुकडा नव्वदच्या दशकात विकला गेला. त्याआधी काही महिने आत्याने सही केली होती. वडील वाईट माणूस नव्हते; आत्याच्या लग्नाचा खर्च आजोबांनी केला होता, तिच्या सासरी वाडी होती, रीत तशीच होती. पैशातून घर बांधले गेले, आमची शिक्षणे झाली. आत्या प्रत्येक सणाला यायची, हसायची, जायची. वडील सत्तरीला आले त्या वर्षीच्या, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात ते पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आले. नंतर त्यांनीच मला सांगितले की पापक्षमा मागताना हा विषय निघाला, आणि धर्मगुरूंनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले की जे घेतले ते परत देता येण्यासारखे आहे का. चर्चची शिकवण या बाबतीत जुनी आणि सरळ आहे: चोरलेले परत केल्याशिवाय चोरीचा पश्चात्ताप पुरा होत नाही. वडिलांना तोपर्यंत ते चोरीच्या प्रकरणात मोडते असे वाटले नव्हते.

पुढच्या रविवारी ते आत्याकडे गेले. “बाय, तुझा हिस्सा माझ्याकडे राहिलाय,” असे ते म्हणाले. मला वाटले होते आत्या रडेल. ती म्हणाली, “इतकी वर्षं का थांबलास?” आणि मग, “देणार असशील तर कागद कर. तोंडी नको.” कागद झाला. मागच्या बाजूची पाच गुंठे वाडी तिच्या नावावर गेली. वडील त्यानंतर चार वर्षे जगले आणि त्या चार वर्षांत मी त्यांना प्रथमच आत्याशी भांडताना पाहिले, मोकळेपणाने, भावाबहिणीने भांडावे तसे. आधी ते तिच्याशी फार अदबीने वागत. त्या अदबीचा अर्थ मला नंतर कळला. सगळे गोड झाले असे मात्र नाही. या प्रकारात मी वडिलांच्या बाजूने उभा राहिलो म्हणून माझा सख्खा भाऊ दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही, आणि आजही त्या पाच गुंठ्यांचा विषय निघाला की तो उठून जातो.

मुक्ती या शब्दाचा अर्थ मला या प्रसंगातून समजला तसा कोणत्याही पुस्तकातून समजला नव्हता. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून जातो, तेव्हा या घराला तारण लाभले असे तो म्हणतो. पण ते केव्हा म्हणतो? जक्कयने उभे राहून, ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करीन, असे सांगितल्यावर. पौलाने गलतीकरांस लिहिताना स्वातंत्र्याला हीच दिशा दिली आहे: तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावले आहे, म्हणून प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. आजच्या कानाला हे विसंगत वाटते, कारण स्वातंत्र्य म्हणजे कोणाचे काही लागत नसणे असे आपण धरून चाललो आहोत. वडिलांना जे मिळाले ते उलटे होते. देणे आहे हे कबूल केल्यावर ते लपवण्याच्या कामातून ते सुटले. आणि आत्या? तिचे स्वातंत्र्य ती गप्प राहण्यात होते, असे आम्ही तीस वर्षे समजत होतो. ते ‘तोंडी नको’ या दोन शब्दांत होते.

ख्रिस्ती मराठी परंपरेत हे ‘तोंडी नको’ नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्याच काही वर्षांत, ज्या मठवासी भगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या त्यांना कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे तसेच जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. त्यांनी श्रद्धा सोडली नाही. केडगावला त्यांनी उभारलेल्या संस्थेचे नावच मुक्ती ठेवले आणि दुष्काळातल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाई कॅथलिक नव्हत्या आणि त्यांचा धर्मग्राम आमच्यासारखा नव्हता, तरी हा धडा आम्हालाही लागू पडतो. धर्मपीठाच्या अधिकारापुढे प्रश्न विचारणारी बाई श्रद्धेच्या बाहेर गेलेली नसते.

मग धर्मग्रामाने काय करावे? भाऊबंदकीचे तंटे सोडवण्यासाठी चर्चमध्ये समिती असावी, ही सूचना अधूनमधून ऐकू येते आणि तिला बायबलचा आधारही आहे. करिंथकरांस पौलाने रागाने विचारले होते की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, की तुम्ही एकमेकांना कोर्टात खेचता? मला ही सूचना मान्य आहे, पण भीतीही वाटते. महाराष्ट्राने जातपंचायतींचा अनुभव घेतला आहे आणि त्यापायी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आहे. गावातली प्रतिष्ठित माणसे, सगळे पुरुष, धर्मगुरूंच्या साक्षीने बहिणीला समजावतात आणि तिला आणखी एका सहीपर्यंत आणतात, हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. म्हणून अशा समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, कायदा जाणणारे कोणी असावे, कोर्टात जाण्याचा मार्ग कोणालाही बंद केला जाऊ नये, आणि पहिला प्रश्न नेहमी ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारला जावा. याउपर, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या तयारीचे वर्ग धर्मग्रामात होतातच. विवाहाच्या वर्गात मुलीला १९२५च्या कायद्यातला तिचा हिस्सा समजावून सांगायला एक तास लागत नाही. तसेच ज्याची झोप उडाली आहे, जो आतून खचला आहे, त्याला प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही पाठवावे; शांतीच्या नावाखाली आजार झाकणे हाही गप्पपणाचाच प्रकार आहे.

आणि ही समिती कोण नेमणार? १९८३च्या विधिसंहितेने धर्मग्रामाला आर्थिक समिती बंधनकारक केली, धर्मग्रामातल्या लोकांची पाळकीय समिती मात्र बिशपांना योग्य वाटल्यास, तीही सल्ला देण्यापुरती. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला सिनडचे, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेचे, जे अंतिम दस्तऐवज मंजूर झाले, त्यात अशा सहभागाच्या समित्या बंधनकारक कराव्यात असा आग्रह आहे. पैशाचा हिशेब सक्तीचा आणि माणसांचे ऐकणे ऐच्छिक, ही विषमता दूर झाली पाहिजे.

धर्मग्राम हा मराठी शब्द मला आवडतो, पण त्यामागचा ग्रीक शब्द पारोइकिया वेगळे सांगतो. त्याचा अर्थ परक्या ठिकाणी केलेली वस्ती. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मंडळ्यांना हे नाव दिले, कारण आपण या जगात उपरे आहोत असे ते मानत. ग्राम म्हटले की आपले आणि परके अशी वाटणी आपोआप होते. वसईत ती भाड्याच्या खोलीत आलेल्या मंगळुरी वा मल्याळी कुटुंबांच्या बाबतीत होते आणि लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामात गेलेल्या बहिणीच्या बाबतीतही होते. तिचे नाव इथल्या कुटुंबनोंदीतून निघून गेलेले असते. ज्या वेदीपुढे तिचा बाप्तिस्मा झाला, तिथे ती पाहुणी असते.

आमच्या चर्चच्या सणाला या बहिणी येतात. मिस्सा संपली की आवारात गर्दी होते, फोटो निघतात, आणि हळूहळू माणसे एकेका घराकडे जेवायला वळतात. ज्यांचे माहेर शाबूत आहे त्या भाच्यांना पुढे घालून वाडीच्या वाटेने चालू लागतात. काही जणी मागे उरतात. त्या थोडा वेळ क्रुसापाशी मेणबत्ती लावतात, ओळखीच्या एक-दोघींशी बोलतात, आणि कोणी विचारले तर सांगतात की घरी लवकर पोहोचायचे आहे, एसटी चुकेल. गेल्या सणाला मी मोजल्या. अशा नऊ होत्या.